बाराशे चौदा कोण?

तळघरातल्या कंट्रोल रूममध्ये मुख्य अभियंत्याने तिची ओळख करून दिली, तेव्हा मामंजी खुर्चीतून अर्धे उठले, तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "या मॅडम."

ओठांवर आलेला "मामंजी" तिने तसाच गिळला.

सकाळीच एका ओट्यावर दोघांचे डबे भरले गेले होते. ते सहाला निघाले, ती नऊला. तिचं काम इमारतींच्या नेटवर्कचं. मोठ्या इमारतीत हवा, पाणी, दिवे सगळं कॉम्प्युटरवरून चालतं. ती यंत्रं आपसात काय बोलतात ते तारेवरून उतरवून घ्यायचं आणि बिघाड कुठे आहे ते शोधायचं. कंपनीत तिला सगळे वायरवाली म्हणत. आज दहा वाजता तिच्या साहेबांनी या हॉस्पिटलचं नाव घेतलं तेव्हा तिने सांगूनही पाहिलं होतं, "सर, तिथे माझे सासरे ऑपरेटर आहेत."

"दुसरं कोणी मोकळं नाही. आणि तुम्हाला फक्त ऐकायचंय. कशाला हात लावायचा नाही, तसं लिहून दिलंय आपण."

ऐकायचं काय आहे, हे तिला इथे आल्यावर कळलं.

"तीन आठवड्यांत पाच वेळा," मुख्य अभियंता सांगत होते. उंच, नीटनेटका माणूस, बोलताना पेनाचं टोपण उघडायचा आणि लावायचा. "दोन नंबरच्या ऑपरेशन थिएटरचं हवेचं मशीन बंद पडतं. ऑपरेशन चालू असताना. आत स्वच्छ हवेचा दाब राहिला नाही तर बाहेर कॉरिडॉरमधली हवा आत शिरते, हे तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या वेळचा पेशंट अजून आयसीयूत आहे. जखम चिघळली."

"मशीन कशाने बंद झालं, कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये काही नोंद?"

"तेच तर. लॉगमध्ये बंद करायचा हुकूमच नाही. उलट स्क्रीनवर मशीन चालू, तापमान बावीस, सगळं हिरवं. म्हणजे कोणीतरी मशीनच्या पॅनेलवर जाऊन हाताने बंद केलं." टोपण लागलं. "पाचही वेळा यांची ड्युटी होती."

मामंजी भिंतीकडे पाहत बसले होते. गुडघ्यामुळे त्यांना कायम दिवसपाळीच मिळायची, दिवसा काहीही झालं तरी ड्युटी त्यांचीच असणार, हे तिला ठाऊक होतं. बोलून उपयोग नव्हता.

"कालपासून पॅनेलला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात. सोमवारी चौकशी. त्याआधी नेटवर्कवर दोष नाही असा तुमचा कागद मला हवाय, म्हणजे वकिलांनी विचारायला नको." दारातून ते परत वळले. "मी जुन्या इमारतीत, हॉलमध्ये. परिषद आहे आज. तीनला संपेल."

दार लागलं. ती आणि मामंजी दोघंच उरले. पलीकडच्या मशीनरूमची घरघर भिंतीतून येत होती.

"घरी का नाही बोललात?" तिने विचारलं.

"काय बोलायचं? एकतीस वर्षं नोकरी करून आता मला चोर म्हणतात, हे जेवताना सांगू?"

"चोर कुठे..."

"मग काय? मशीन बंद करून ठेवतो आणि वर चालू होतं म्हणून सांगतो, याला काय म्हणतात?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, आपलंच डोकं चळलं. स्क्रीनवर चालू दिसतंय, बावीस दिसतंय, आणि वरून सिस्टर फोनवर ओरडतेय की दारावरचा दाबाचा काटा शून्यावर आला. धावत जाऊन पाहतो तर पंखा थांबलेला. पाचही वेळा मीच धावलो आणि मीच चालू केलं. त्याचंच आता माझ्यावर आलंय. तुला कसं काय माहीत की मशीन बंद आहे, म्हणतात."

"आणि मॅडम कशाला म्हणालात?"

"तू सून आहेस कळलं असतं तर त्याने तुला दारातूनच परत पाठवलं असतं. दुसरा कोणी आला असता, दोन तास लॅपटॉप उघडून बसला असता आणि कागद देऊन गेला असता." ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. "तू तुझं काम कर. माझ्याकडे बघू नकोस."

नेटवर्कचं कपाट खोलीच्या कोपऱ्यात होतं. आत एकावर एक स्विच, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या पेट्या, आणि केबलींचा गुंता. तिने मुख्य स्विचच्या एका रिकाम्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या खाचेवर, बाकीच्या पोर्टांमधलं सगळं येणं-जाणं वळवून घेतलं आणि तिथे लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. साडेअकरा वाजले होते.

बारा वाजले, एक वाजला. कॉम्प्युटर विचारत होता, यंत्रं उत्तरं देत होती. तापमान किती, पंखा चालू का, झडप किती उघडी. सगळं सुरळीत. दोघांनी आपापले डबे खाल्ले. दीडला वरून थिएटरच्या सिस्टरचा फोन आला. दोन नंबरला मोठं ऑपरेशन सुरू झालंय, चार वाजेपर्यंत चालेल, आज तरी नीट लक्ष ठेवा. फोन ठेवल्यावर मामंजी हळूच म्हणाले, "लक्ष कुठे ठेवू? स्क्रीनवर की मशीनवर?"

हे वाक्य तिच्या मनात अडकून राहिलं. स्क्रीन चालू म्हणते, मशीन बंद असतं. स्क्रीन खोटं बोलत नसेल तर? ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असेल तर?

तिने ओळी गाळायला घेतल्या. थिएटरच्या मशीनचा या नेटवर्कवरचा क्रमांक बाराशे चौदा होता. प्रत्येक यंत्राचा असा क्रमांक असतो. कॉम्प्युटर ठरावीक वेळाने सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक घालतो, बाराशे चौदा कोण? ज्याचा क्रमांक असेल तो उत्तर देतो, मी, आणि माझा पत्ता हा. पुढचे सगळे हुकूम मग त्या पत्त्यावर जातात. तिने बाकी सगळं बाजूला सारलं आणि फक्त या हाका पडद्यावर ठेवल्या.

अडीच वाजता हाक गेली. बाराशे चौदा कोण?

मी, असं उत्तर आलं. लगेच त्यामागे दुसरं. मी.

तिचा हात माऊसवरच थांबला. दोन उत्तरं, दोन वेगळे पत्ते. एक याच इमारतीतला. दुसऱ्या पत्त्याची सुरुवातच निराळी होती, जुन्या इमारतीतली.

"मामंजी, जुन्या इमारतीत हॉलला कुठलं मशीन आहे?"

"हॉलला? आहे ना एक, आपल्यासारखंच. बरेच दिवस दुरुस्तीला होतं, तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालं. त्यांचं त्यांचं चालतं, वेगळा कॉम्प्युटर आहे त्यांचा ऑफिसात. का?"

"त्याचा नंबर काय?"

"मला काय माहीत? पूर्वी दोन्ही इमारतींचा काही संबंधच नव्हता."

पूर्वी नव्हता. आता होता. तिने कपाटाकडे पाहिलं. सर्वांत खालच्या स्विचमधून एक निळी केबल निघून भिंतीतल्या पाइपात शिरत होती. तिच्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, जुनी इमारत. 'मा'ला चिकटलेली 'र'ची शेपूट शाळेपासून ती तशीच काढायची.

तीन महिन्यांपूर्वी तिनेच ही केबल जोडली होती. दोन्ही इमारती एका जागेवरून दिसाव्यात म्हणून मुख्य अभियंत्यांनी काम काढलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम; मामंजींची सुट्टी होती त्या दिवशी, आणि मुख्य अभियंतेही खाली आले नव्हते. जोडण्याआधी दोन्हीकडचे क्रमांक जुळून तर येत नाहीत ना, हे तिने तपासलं होतं. यादीत खूण केली होती. आणि आता तिला तो दिवस लख्ख आठवला. हॉलचं मशीन दुरुस्तीला उघडलेलं होतं, वीज काढलेली. बंद मशीन हाकेला ओ कशी देणार? दुरुस्ती संपल्यावर पुन्हा येऊन तपासायचं, असं तिने वहीत लिहिलंही होतं. ती आली नव्हती. दुसरी कामं आली, मग राहूनच गेलं.

पण पडद्यावर आणखी एक ओळ होती. अडीचची दुसरी हाक जुन्या इमारतीतल्या कॉम्प्युटरची होती. तोही आपल्या बाराशे चौदाला शोधत होता. त्यालाही दोन उत्तरं मिळाली होती. जे उत्तर शेवटी येतं ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. कधी हे शेवटी, कधी ते. आज शेवटी आलं होतं ते थिएटरच्या मशीनचं.

"परिषद तीनला संपते म्हणाले ना?"

"हो. तीनला हॉलचं मशीन आपोआप बंद होतं. वेळ लावलेली असते."

तिने घड्याळ पाहिलं. दोन एकेचाळीस.

"मामंजी, तीन वाजता तो कॉम्प्युटर हॉलचं मशीन बंद करायला सांगेल. आणि तो हुकूम थिएटरला येईल."

समजायला त्यांना दोन-तीन क्षण लागले. मग ते खुर्चीवरून उठलेच. "पाचही वेळा हेच?"

"हेच असणार. आपल्या लॉगमध्ये हुकूम दिसणार कसा, तो आपल्या कॉम्प्युटरचा नाहीच. आणि आपली स्क्रीन तेव्हा हॉलचं मशीन दाखवत असणार. म्हणून चालू, म्हणून बावीस."

तिने मुख्य अभियंत्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा पुन्हा लावला. परिषदेत बसलेल्या माणसाचा फोन मुका असणारच. पॅनेलची किल्ली त्यांच्या खिशात. आज मशीन थांबलं तर मामंजी धावत जाऊनही चालू करू शकणार नव्हते.

तिने वर थिएटरला फोन केला. "सिस्टर, ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटं थांबवता येईल का?"

"पोट उघडलेलं आहे!" पलीकडून आवाज आला. "थांबवता येईल म्हणजे काय? काय झालंय खाली?"

"काही नाही. बघते मी."

फोन ठेवून ती कपाटासमोर उकिडवी बसली. निळी केबल हाताच्या अंतरावर होती. ओढली की संपलं. तरी हात पुढे होईना.

"अगं, उपट की ती," मामंजी मागून म्हणाले.

"उपटली तर तुमचा पुरावा जाईल."

"म्हणजे?"

ती वळली. "पॅनेलला कुलूप आहे. किल्ली त्यांच्याकडे. तुम्ही इथे माझ्यासमोर. तीन वाजता मशीन थांबलं आणि माझ्याकडे तो हुकूम उतरलेला असला, तर तुमच्यावर बोट ठेवायला कोणाची छाती नाही. पण मी आत्ता केबल काढली तर काहीच घडणार नाही. ते म्हणतील, दोन उत्तरं आली म्हणून काय झालं? म्हणतील, सुनेने सासऱ्याला वाचवायला रचलं. हात लावायचा नाही असं लिहून दिलंय आम्ही."

दोन सत्तेचाळीस.

मामंजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा खालचा ओठ किंचित हलला. तिला वाटलं ते म्हणतील, थांब मग. आणि त्यांनी तसं म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिला कळेना.

"किल्ली नाही," ते म्हणाले. "बंद पडलं तर चालू कोण करणार? मी काय, भिंतीतून हात घालू?" त्यांचा आवाज चढला. "आत माणूस पोट उघडून टेबलावर पडलाय. माझी अब्रू सोमवारी बघू. उपट ती!"

तिने केबलीची खुंटी दाबली आणि ओढली.

त्याच क्षणी स्क्रीनवर थिएटर दोनची हिरवी ओळ करडी झाली. उत्तर नाही.

"बंद पडलं!" मामंजी ओरडले. "अगं, बंद पडलं!"

चुकीची केबल? तिने हातातल्या केबलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मामंजी लंगडत मशीनरूमच्या दाराकडे धावले, दार ढकललं आणि हवेच्या पत्र्याच्या नळावर तळहात ठेवला. तसेच उभे राहिले.

"चालू आहे," ते म्हणाले. मग मोठ्याने, "चालू आहे! मशीन चालू आहे!"

स्क्रीन करडी, मशीन चालू. म्हणजे इतका वेळ ती ओळ थिएटरची नव्हतीच. तिने कॉम्प्युटरला पुन्हा हाक घालायला लावली. बाराशे चौदा कोण? या खेपेला एकच उत्तर आलं. ओळ हिरवी झाली, पण आकडा बदलला होता. मघाशी बावीस होता; आता एकोणीस दशांश आठ. तिने वर फोन केला.

"सिस्टर, भिंतीवर तापमान किती दिसतंय?"

"एकोणीस आठ. सकाळपासून तेच आहे. का?"

"दारावरचा काटा?"

"जागेवर आहे. अहो, झालंय काय?"

तीन वाजले. दोघं भिंतीतल्या घरघरीकडे कान लावून बसले. तीन वाजून एक मिनिट, दोन मिनिटं. घरघर चालूच राहिली. तीन दहा झाले तेव्हा मामंजींनी गुडघा चोळायला घेतला, आणि तिला वाटलं, सांगायचं तर आत्ताच.

"ती केबल मी जोडली होती," ती म्हणाली. "तीन महिन्यांपूर्वी. तुमच्या सुट्टीच्या दिवशी. हॉलचं मशीन तेव्हा बंद होतं, म्हणून नंबर जुळतोय हे कळलं नाही. पुन्हा येऊन बघायचं होतं. आले नाही."

गुडघ्यावरचा हात थांबला. तिला वाटलं होतं ते रागावतील, निदान काही विचारतील. त्यांनी फक्त खुर्ची स्क्रीनकडे वळवली.

मुख्य अभियंते साडेतीनला उतरले. फोनवरचे सात मिस्ड कॉल पाहून घाईने आले होते, आणि लोंबणारी केबल पाहून दारातच थबकले. तिने एका दमात सगळं सांगितलं. दोन उत्तरं दाखवली, बदललेला आकडा दाखवला. शेवटी म्हणाली, "आणखी दोन गोष्टी. ही जोडणी माझी आहे आणि तपासणी अर्धवट राहिली ती माझ्याकडून. आणि हे माझे सासरे आहेत."

टोपण उघडलं, लागलं. "छान," ते थंडपणे म्हणाले. "म्हणजे मी चौकशी ज्याची करतोय त्याच्या घरातूनच तपासनीस आली. आणि तीन वाजता नेमकं काय झालं? काहीच नाही. मग मी काय समजायचं?"

"उद्या रविवार आहे. थिएटर रिकामं असेल. केबल पुन्हा जोडू. तुम्ही स्वतः जुन्या ऑफिसात बसून हॉलचं मशीन बंद करा. पॅनेलची किल्ली तुमच्याच खिशात राहू द्या."

रविवारी सकाळी दहाला केबल जोडली. मशीनरूममध्ये ती, मामंजी, थिएटरची सिस्टर आणि हॉस्पिटलचे वकील. मुख्य अभियंते जुन्या इमारतीतून फोनवर. "करतोय बंद," त्यांचा आवाज आला.

घरघर चालूच राहिली.

"हॉल बंद झाला," ते म्हणाले. "बरोबर, हॉलच बंद झाला. थिएटरचं काय?"

"चालू आहे," वकील म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

"सर, हॉल पुन्हा चालू करा. मग कॉम्प्युटरला परत हाक घालायला लावा. दर वेळी होत नाही, कुठलं उत्तर शेवटी येतं त्यावर आहे." ती लॅपटॉपकडे पाहत होती. दोन उत्तरं आली. शेवटचं पुन्हा हॉलचं. "परत एकदा." पुन्हा हॉलचं. सिस्टरने हाताची घडी घातली. "आणखी एकदा, सर." दोन उत्तरं आली, आणि या वेळी शेवटी थिएटर. "आता. आता बंद करा."

घरघर उतरायला लागली. आधी बारीक झाली, मग पाती सुटी सुटी ऐकू आली, मग काहीच नाही. त्या शांततेत कंट्रोल रूमच्या उघड्या दारातून स्क्रीन दिसत होती. थिएटर दोन, हिरवं, चालू, बावीस.

"तुमच्याकडे काय झालं?" फोनवरून मुख्य अभियंते विचारत होते. "हॉल तर इथे चालूच आहे."

सिस्टरने फोन वकिलांच्या हातातून घेतला. "थिएटर बंद पडलंय, सर. कुलूप जागेवर आहे. आणि काका माझ्या शेजारी उभे आहेत."

सोमवारची चौकशी झाली नाही. मुख्य अभियंते खाली येऊन मामंजींच्या हातात पॅनेलची किल्ली ठेवून गेले. माफी वगैरे मागितली नाही. "जरा घाई झाली आमची," एवढंच म्हणाले. हॉलच्या मशीनला नवा क्रमांक मिळाला. तिच्या कंपनीने तिला या हॉस्पिटलच्या कामावरून काढलं आणि तीन महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला लावलं. तिने कुरकुर केली नाही. आयसीयूतला तो पेशंट वाचला, पण त्याला दीड महिना लागला. ती दर दोन दिवसांनी सिस्टरला फोन करून विचारायची.

घरी मामंजी तिच्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. सकाळचा डबा मुकाट्याने घेऊन जात. सासूबाईंनी नवऱ्याला विचारून पाहिलं, मुलाला विचारून पाहिलं, मग एकदा वैतागून म्हणाल्या, "या घरात मला कोणी काही सांगेल का?" तेव्हा तिनेच त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. सासूबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "एकवीस दिवस तो माणूस धड जेवला नाही गं."

अबोल्याच्या नवव्या दिवशी, संध्याकाळी, ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मामंजी आले, खुर्ची ओढून शेजारी बसले.

"माझ्या जागी दुसरा कोणी ऑपरेटर असता," त्यांनी विचारलं, "तर केबल तू जोडलीस हे त्याला सांगितलं असतंस?"

तिने खरोखर विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "सांगितलं असतं असं वाटतं. पण तुम्हाला सांगायलाही मी तीन दहापर्यंत थांबले, हे खरं."

त्यांनी टेबलाच्या कडेवरून नख फिरवलं. "मला फार लागलं ते," ते म्हणाले. "अजून लागतंय. जाईल हळूहळू."

"हो, मामंजी."

"ती यंत्रं बोलतात ते तुला दिसतं म्हणालीस. मला एकतीस वर्षांत कोणी दाखवलं नाही." त्यांनी चष्मा चढवला आणि खुर्ची आणखी पुढे घेतली. "पहिली ओळ कुठली? सावकाश सांग."